अर्जदाराचं मृत व्यक्तीशी नातं

फॉर्मवर एक रकाना होता : अर्जदाराचं मृत व्यक्तीशी नातं. मी तिथे इंग्रजीत 'आई' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

खरं तर त्या माझ्या सासूबाई. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना आई म्हणायची सवय, ती तेवीस वर्षं मोडली नव्हती, म्हणून हातानं तेच लिहिलं. त्यात फार मोठी भावना होती असं सांगून मी भाव खाणार नाही. त्या दिवसांत माझे हात बरीच कामं मला न विचारता करत होते. नात्याचा पुरावा म्हणून कार्यालयानं माझा जन्मदाखला मागितला. तोही मी स्कॅन करून पाठवला, एकदाही न वाचता. त्यावर आईच्या जागी अर्थातच दुसऱ्याच बाईचं नाव होतं. ती बाई सोलापुरात राहते आणि पुढे हा प्रकार कळल्यावर मला म्हणाली, "म्हणजे मला जिवंतपणीच कागदावरून काढून टाकलंस."

तीन-चार आठवड्यांनी कार्यालयाचं उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मात्र सादर केलेल्या कागदांवरून आपलं नातं सिद्ध होत नाही, त्यामुळे नोंद देता येत नाही.

नोंद कसली, ते सांगायला हवं. सासूबाई अकोल्याकडून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, इकडे परदेशात गॉलवेला आल्या होत्या. एका मंगळवारी सकाळी त्या घरात एकट्या होत्या. नवरा त्याच्या ऑफिसात, लेक तिच्या कॉलेजात आणि मी कारखान्यात. छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी आपत्कालीन नंबर फिरवला, ॲम्ब्युलन्स आली, त्यांना हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी त्या गेल्या. त्या नंबरवर येणाऱ्या प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग आणि वेळ सरकारदरबारी जपून ठेवलेली असते. मला ती हवी होती.

का हवी होती, हे मी सगळ्यांना वेगवेगळं सांगत असे. खरं कारण असं. माझं काम हृदयात घालायच्या बारीक नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं. क्लीनरूममध्ये जाताना डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा झगा चढवायचा, फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा. त्या मंगळवारी दुपारी लॉकर उघडला तर घरच्या लँडलाइनवरून आलेले दोन मिस्ड कॉल होते. अकरा वाजून चार मिनिटं आणि अकरा वाजून सहा मिनिटं. त्यानंतर माझा फोन शांत. म्हणजे आधी त्यांनी मला फोन केला होता. मी उचलला नाही. मग त्यांनी किती वेळ वाट बघितली? आमचा लँडलाइन इतका जुना, की त्यात कुठे फोन केले ते दिसत नाही, आणि आपत्कालीन नंबर फुकट असल्यानं तो बिलातही येत नाही. ती वेळ फक्त सरकारकडे होती.

क्लीनरूममधल्या माणसाला गाठायचा दुसराही मार्ग असतो. कारखान्याच्या रिसेप्शनला फोन करायचा, ते आत निरोप देतात. तो नंबर मीच फ्रिजवर चिकटवला होता. सासूबाईंनी तो त्याआधी दोन आठवडे एकदा वापरला होता. मला निरोप आला, घरून अर्जंट फोन आहे. मी झगा, टोपी, मोज्यांवरचे मोजे, सगळं काढून पळत बाहेर आले, तर त्या विचारत होत्या, जिरं कुठं ठेवलंस. डाव्या प्रेसमध्ये, म्हटलं. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमच्या घरात सगळ्यांनाच तेवढं कळतं. परत आत जायला पुन्हा सगळं चढवावं लागलं आणि सुपरवायझरनं घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, तिकडे फोन करत जाऊ नका हो. मला सगळं उतरवून यावं लागतं."

आवाज चढवला नव्हता. तेवढं मला नक्की आठवतं, कारण मी ते वाक्य नंतर बऱ्याचदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

म्हणजे मंगळवारी त्यांनी तिकडे फोन केला नाही. मोबाइलवर केला, दोनदा, आणि मग मी उलट फोन करीन म्हणून थांबल्या असतील. किती, एवढाच प्रश्न होता. दोन-चार मिनिटं असतील तर माझी सुटका होती. डॉक्टरांना विचारलं, लवकर आल्या असत्या तर? ते म्हणाले, काही सांगता येत नाही. फार सभ्य माणूस होता.

शॅननजवळ दहन झालं. येता-जाता एनिसला गाडी थांबवून आम्ही चहा प्यायलो, आणि मला आठवतं ते एवढंच, की तिथला चहाबरोबरचा स्कोन, तो गोडसर पाव, ताजा होता. नवरा अस्थी घेऊन अकोल्याला जाऊन आला. मी घरी फॉर्म भरत होते. रडू येत नव्हतं. येईल म्हणून मी काही दिवस पर्समध्ये टिश्यूंचं पाकीट ठेवलं, मग ते कारच्या काचा पुसायला वापरलं.

नकाराचं पत्र मी माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. वडील पूर्ण नोकरीभर कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. लोकांचे अर्ज परत पाठवणं हे त्यांच्या कामाचं मोठं अंग. त्यांनी पत्राचा प्रत्येक परिच्छेद मला दोनदा वाचायला लावला, भाषांतर करून घेतलं, आणि चष्मा काढून म्हणाले, "काय सुंदर नकार आहे गं. आधी सहानुभूती, मग कलम, मग अपील कुठं करायचं त्याचा पत्ता. आम्ही नुसतं 'अर्ज अपूर्ण' लिहून फेकायचो."

त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मी पहिलं अपील केलं. ते त्याच कार्यालयातला वरचा अधिकारी बघतो. मी दीड पान लिहून आमची रीत समजावली. आमच्याकडे सासूला आई म्हणतात, यात फसवणुकीचा हेतू नव्हता, मी सून आहे. लिहिता लिहिता मला वाटलं, शाळेत निबंधाला मला इतके शब्द कधी सुचले नव्हते. उत्तरात अधिकाऱ्यानं लिहिलं की आपण कळवलेल्या प्रथेची आदरपूर्वक नोंद घेतली आहे. तथापि मृत व्यक्तीची माहिती मागण्याचा हक्क पती-पत्नी आणि जवळचे वारस यांना आहे, त्यात सून येत नाही. मृत व्यक्तीच्या मुलानं अर्ज केल्यास त्याचा जरूर विचार होईल.

त्या कार्यालयातल्या एका बाईनं मला फोनही केला. नियमात बसत नसणार, पण केला. आवाजावरून माझ्याच वयाची. पत्र कडक वाटलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, म्हणाली. मग विचारलं, तुमचे मिस्टर आहेत ना? त्यांनी एक सही केली की सगळं ग्रँड, म्हणजे ठीक, होईल. मी म्हटलं, हो, बघते. मग तिनं हवेबद्दल काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

नवरा होता. रोज संध्याकाळी समोर बसून जेवत होता. एक सही मागायची, तेवढंच. पण अर्ज त्याच्या नावानं गेला तर रेकॉर्डिंग त्याच्या मेलवर येणार, वेळ तो बघणार, आणि मग जिऱ्याची गोष्ट मला सांगावी लागणार. मिस्ड कॉलचं त्याला माहीत होतं. त्यावर तो मला काही बोलला नव्हता. एक शब्द नाही. तो कशाबद्दलच बोलत नव्हता म्हणा. अकोल्याहून आल्यावर त्यानं आईची बॅग होती तशी माळ्यावर ठेवली आणि सोमवारी मीटिंगला बसला.

तेव्हा स्वयंपाकघरात दोन मिनिटं बोलण्याऐवजी मी दुसरं अपील केलं. हे आणखी वरच्या, वेगळ्या कार्यालयाकडे जातं. ते कुणाच्याच बाजूचं नसतं, असं त्यांच्या वेबसाइटवर लिहिलंय. त्यांनी मला विचारलं, ही माहिती तुम्हाला मिळण्यात सार्वजनिक हित काय आहे, ते आपल्या शब्दांत मांडा.

मी चार संध्याकाळी खर्च केल्या. परक्या देशात मुलांकडे येणारे म्हातारे आईवडील, त्यांची भाषा, संकटाच्या वेळी त्यांचं कोण ऐकतं, यंत्रणेनं यातून काय शिकावं, असं तीन पानं लिहिलं. वाचून बघितलं तर मला स्वतःला पटायला लागलं. एखाद्या संस्थेनं वाचलं असतं तर शाल-श्रीफळ दिलं असतं. एकही वाक्य खोटं नव्हतं आणि त्यातल्या एकाशीही माझा संबंध नव्हता. माझं हित दीड ओळीचं होतं. ते मी एकदा शेवटी टाइप केलं, बघितलं, आणि पुसलं.

पाठवण्याआधी वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण तुझ्या घरात सही करणारा माणूस आहे ना?"

"आहे."

"मग अपील कशाला?"

मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे बाबा, सुनेला हक्क नाही म्हणजे काय. वडिलांनी आयुष्यभर रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून माणसं पाहिलेली. कोण जमिनीसाठी आलंय आणि कोण भावाला अडकवायला, हे त्यांना अर्ज हातात घ्यायच्या आधी कळायचं.

"असं होय," ते म्हणाले. "म्हणजे प्रकरण कागदाचं नाही."

पलीकडे माझ्या आईनं मागून विचारलं, काय म्हणतेय ती. काही नाही, म्हणाले, थंडी आहे म्हणतेय.

मी तीन पानं पाठवून दिली. त्यानंतर दोन महिने गेले. पंधरवड्यातून एकदा मेल यायची, आपलं प्रकरण विचाराधीन आहे. मला त्या मेलची सवय लागली. कुणीतरी कुठेतरी माझा विचार करत होतं, आणि तोवर मला करायला लागत नव्हता. मी कामावर जात होते, नळ्या तपासत होते. सुपरवायझर म्हणाला, तू आता पूर्वीपेक्षा जास्त दोष पकडतेस. मी थँक्यू म्हटलं.

एका रविवारी सकाळी नवरा किटली साफ करत होता. गॉलवेचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो, तो व्हिनेगर घालून काढावा लागतो. मी तिथे मेजाशी बसले होते. काही ठरवलं नव्हतं. वरच्या कार्यालयाचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं, वारसानं अर्ज केल्यास हा वाद उरणार नाही, तसं का करत नाही म्हणून विचारणारं. त्यांनाही तोच प्रश्न पडला होता.

मी म्हटलं, एक सही हवी होती. कशावर, त्यानं विचारलं. मी सांगायला लागले आणि सगळंच सांगितलं. अर्ज, आई लिहिलेलं, जन्मदाखला, दोन अपिलं, तीन पानं. मग रिसेप्शनचा नंबर आणि जिरं, आणि मी त्यांना काय म्हटलं ते. आवाज सपाट येत होता, बँकेत पत्ता सांगावा तसा. किटली उकळून बंद झाली. व्हिनेगरच्या वाफेनं खोली भरली.

तो म्हणाला, "जिऱ्याचं ना? माहितीये मला."

"काय माहितीये?"

"आईनं त्याच रात्री जेवताना सांगितलं, तू पोळ्या करत होतीस तेव्हा. हसत होती. म्हणे, माह्या जिऱ्यापायी तुह्या बायकोले सगळे कपडे उतरवा लागले."

मी विचारलं, मग इतके महिने बोलला का नाहीस. तो किटलीत बघत राहिला. म्हणाला, काय बोलायचं होतं? मला वाटलं तुला माहीत आहे की मला माहीत आहे. मग त्यानं हात पुसले आणि लॅपटॉप मागितला. अर्जावर नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहिलं. त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट, सगळं एका झटक्यात जोडलं गेलं. सही करायला त्याला मिनिटही लागलं नाही.

"मी ऐकणार नाही," तो म्हणाला. "आलं की तुला पाठवतो. आणि मला वेळ सांगू नकोस."

मी माझं अपील मागे घेतलं. वडिलांना ते फार लागलं. सुनेचा प्रश्न कायमचा सुटला असता, म्हणाले, पुढच्यांची सोय झाली असती. त्या कार्यालयानं मात्र आभार मानले.

रेकॉर्डिंग आलं ते एका बुधवारी. माझी सुट्टी होती. नवऱ्यानं न उघडता पुढे पाठवलं होतं, वर एक अक्षर न लिहिता. सोबत सगळं संभाषण टाइप केलेला कागद होता. सुरुवातीलाच वेळ दिलेली. अकरा वाजून सत्तावीस मिनिटं.

सहा नव्हे, सत्तावीस. मी वजाबाकी केली. एकवीस. मग बोटांवर पुन्हा केली. एकवीसच.

कागदावर त्यांची वाक्यं तुटक होती. जिथे त्या आपल्या भाषेत बोलल्या तिथे नुसतं 'परकी भाषा' असं लिहिलं होतं. अर्ध्याहून जास्त कागद परकी भाषाच होता. म्हणून मी आवाज लावला.

"हॅलो. ॲम्ब्युलन्स. गॉलवे," त्या म्हणाल्या. मी शिकवलं होतं तसंच. मग पत्त्याचा कोड, एकेक अक्षर आणि आकडा, मध्ये श्वास घेत. एकही चुकला नाही. पलीकडच्या बाईनं विचारलं, काय होतंय. चेस्ट, त्या म्हणाल्या, चेस्ट पेन. ती त्यांना इथल्या रीतीनं मायेनं 'लव्ह' म्हणत होती, श्वास सावकाश घ्या म्हणत होती. सोबत कोणी आहे का, असं विचारलं.

"सून हाय. कामावर हाय. तिकडं फोन नका करू बाप्पा, तिले लय तरास होते बाहेर याले."

कागदावर : परकी भाषा.

त्या बाईला काही कळलं नाही. तिनं विचारलं, दरवाजा उघडता येईल का. डोर ओपन, त्या म्हणाल्या. आय रेडी. आणि मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं, "गाऊन बदलला. साडी नेसली, मंगच फोन केला. चार लोक येतीन घरात."

हेही परकी भाषा.

त्यापुढे बराच वेळ नुसता श्वास आहे आणि ती बाई बोलतेय, माझ्याबरोबर राहा, आता पोचतीलच. मग घंटा, मग पुरुषांचे आवाज. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग मी हिशेब करत बसले. त्यांना साडी नेसायला एरवी सात-आठ मिनिटं लागायची. छातीत दुखत असताना दुप्पट धरली तर पंधरा. एकवीसातून पंधरा गेले की सहा. सहा मिनिटं माझी. की आधी पंधरा मिनिटं थांबल्या आणि साडी घाईघाईनं गुंडाळली? त्या दिवशी हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा त्यांच्या अंगावर तिथलाच झगा होता. मी साडी बघितलीच नव्हती.

संध्याकाळी नवरा आला, बूट काढले, हात धुतले. मी पानं घेतली. तो बसला आणि वरणात बघत म्हणाला, "किती?"

"एकवीस."

त्यानं मान हलवली. मी म्हटलं, पण त्यात साडी नेसल्या. फोनवर सांगितलंय त्यांनी, चार लोक येतील म्हणून नेसले. आणि माझ्याकडे फोन करू नका म्हणाल्या, मला त्रास होतो म्हणून. हेही सांगितलं, कारण आता अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यानं विचारलं, "कुठली?"

"काय?"

"कुठली साडी?"

मला माहीत नव्हतं. हॉस्पिटलनं त्यांच्या वस्तू एका मोठ्या कागदी पिशवीत घालून दिल्या होत्या आणि ती मी त्याच दिवशी वरच्या खोलीतल्या कपाटात, पांघरुणांच्या मागे ढकलली होती. त्यालाही ती कुठे आहे ते ठाऊक होतं असं दिसलं, कारण तोच वर गेला आणि घेऊन आला. जेवण तसंच राहिलं. त्यानं पिशवी मेजावर उघडली. चष्मा, बांगड्या, चप्पल, आणि खाली साडी. जांभळी, बारीक बुट्ट्यांची, लेकीच्या शाळेच्या समारंभाला नेसलेली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ती पुढून कात्रीनं सरळ कापली होती, खांद्यापासून खाली. त्यांना वेळ नसतो.

निऱ्या मात्र तशाच होत्या. कमरेजवळ एकत्र धरलेल्या, एकसारख्या, आणि त्यांना सेफ्टी पिन लावलेली.

नवऱ्यानं पिनेवर बोट ठेवलं. "ही घाईत लागते का?" त्यानं विचारलं.

नाही, मी म्हटलं. आधी निऱ्या नीट याव्या लागतात, सगळ्या एका उंचीच्या. एक जरी खाली आली तरी सोडून परत घ्यायच्या. मग डाव्या हातात धरायच्या आणि उजव्या हातानं पिन आतून वर काढायची. नाहीतर बोटाला टोचते.

तो ऐकत होता. पुढे, म्हणाला. मी त्याला पुढे सांगितलं, खोचायच्या कशा, पदर किती ठेवायचा. मध्येच त्यानं विचारलं, याला किती वेळ लागतो.

मी म्हटलं, माणसावर आहे.